शिक्षण सप्ताह साजरा करताना घ्यावयाची काळजी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत तुमचं नाव लागलं, 16,000 रुपये मानधनाचा आदेश हाती पडला, गावाने शाल-नारळ देऊन स्वागत केलं. आता तुमच्या मनात मुलांना शिकवायचे विचार येऊ लागले असतील. सुरुवातीला सगळ्यांनाच येतात. घाबरून जाऊ नका. एखादा सप्ताह नीट साजरा केलात की ताप उतरावा तसे उतरतात.

माझी पात्रता विचाराल तर घाटाच्या कडेची एक वाडी, द्विशिक्षकी शाळा, पट 27. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. बाईंकडे मुख्याध्यापकाचा पदभारही आहे, त्यामुळे त्या मीटिंगला गेल्या की चारही वर्ग माझे. एवढ्या भांडवलावर आम्ही 22 ते 28 जुलै 2024 चा शिक्षण सप्ताह पार पाडला. 29 जुलैला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षं पूर्ण होत होती, म्हणून देशभरातल्या शाळांनी सात दिवस सात विषय साजरे करायचे होते. अध्ययन साहित्य, मूलभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, क्रीडा, संस्कृती, तंत्रज्ञान आणि कौशल्य, पर्यावरण आणि पोषण, समुदायाचा सहभाग. शाळेत जे जे व्हायला हवं ते सगळं त्या यादीत होतं. प्रत्येकाला एकेक दिवस दिलेला होता.

सप्ताह कधी मोकळ्या मैदानावर उतरत नाही, हे आधी लक्षात घ्या. 17 जुलैला आषाढी झाली, म्हणजे त्याआधी दिंडी. रविवारी 21 ला गुरुपौर्णिमा, म्हणजे ती शनिवारीच उरकली. सप्ताहाच्या पोटात 23 ला लोकमान्यांची जयंती आणि 26 ला कारगिल विजय दिनाची पंचविशी. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास मागतो. आपले साजरे करायचे दिवस अजून 200 च्या आतच आहेत. म्हणजे वाव आहे.

पहिलं काम बॅनरचं. मुलं किती हजर आहेत हे नंतर मोजता येतं, बॅनर आधी लागतो. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10,000 रुपये. खडू, फळ्याचा रंग, स्वच्छता, गळक्या कौलांची डागडुजी हे सगळं त्यातच बसवायचं असतं, तेव्हा सात बॅनर छापायच्या फंदात पडू नका. एकच छापा, मधली ओळ कोरी ठेवा. रोज तिथे चार्टपेपरची पट्टी चिकटवायची: आज साहित्य, उद्या साक्षरता, परवा क्रीडा. आमची पट्टी बुधवारी पावसाने भिजून निघाली आणि खालची मंगळवारची दिसायला लागली. त्यामुळे आमच्या दप्तरी पोत्यात पाय घालून पळणारी मुलं संख्याज्ञानात नोंदली गेली आहेत.

सोमवार सोपा. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात साहित्य बनवायला प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळायचे. आता दिवस मिळतो. कपाटातली गणितपेटी काढा, तिचं प्लॅस्टिक अलगद सोडवा, मणीमाळ, ठोकळे, खोट्या नोटा टेबलावर मांडा, मागे मुलं उभी करा, फोटो घ्या आणि सगळं परत पेटीत. मुलांच्या हातात देऊ नका. मणी हरवतात, आणि तपासणीत मणी मोजतात. मुलाला मोजता येतं का, हे त्या मानाने कमी विचारतात.

मंगळवारबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली.

मूलभूत साक्षरता आणि संख्याज्ञान म्हणजे केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान. दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत, 999 पर्यंत संख्या वाचाव्यात, 99 पर्यंत वजाबाकी करावी. ध्येय चांगलं आहे, यात मी उपरोध करत नाही. सकाळी टिळकांच्या प्रतिमेला हार झाला. तिसरीतल्या एका पोराने “मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही” हे भाषण एका श्वासात ठोकलं. त्याचा वेग मिनिटाला शंभराच्या पुढे असावा. मग दुसरीला घेऊन बसलो.

दुसरीत एक मुलगी आहे. हातच्याच्या वजाबाकीशी तिचं दोन आठवडे भांडण चालू होतं. 42 वजा 17 दिलं की ती 35 लिहायची. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढायचे. मोठ्यातून लहान. तिच्या दृष्टीने हिशेब चोख होता. मी फळ्यावर चाराचा तीन केला, दोनाच्या डोक्यावर बारा काढला, नाना प्रकारे समजावलं. तीही मान डोलवायची आणि 35 लिहायची. मुलं आपल्याला फार सांभाळून घेतात.

त्या दिवशी गणितपेटी वर ठेवली आणि खराट्याच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सतरा मला दे. तिने एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या दिल्या. मग थांबली. उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत राहिली. एक उचलला, माझ्याकडे बघितलं, परत ठेवला. मी काही बोललो नाही. बोलायची अनावर इच्छा होते, पण तेवढं एक इतक्या वर्षांत मला जमायला लागलंय. तिने पुन्हा तोच गठ्ठा उचलला आणि दातांनी रबर ओढलं. काड्या तिच्या मांडीवर सांडल्या.

“सर, गठ्ठा सोडला तर चालतंय?”

चालतंय म्हटलं. तिने पाच मोजून दिल्या. उरलेल्या मोजल्या. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. एकदा पाटीवरच्या 35 कडे बघितलं आणि कुणी न सांगता थुंकी लावून ते पुसलं.

नेमका तेव्हा फोन वाजला. तालुक्यात सगळ्या शाळांचे फोटो आले होते, आमचाच राहिला होता, फोटो भरायची लिंक बाराला बंद होणार होती. फोटोत बॅनर दिसायला हवा, मुलं ओळीत हवीत, साहित्य व्यवस्थित मांडलेलं हवं. माझ्यासमोर साहित्य विस्कटलेलं होतं. काड्या जमिनीवर, रबर तिच्या दातांत, शेजारची दोघं आपापले गठ्ठे सोडायच्या तयारीत. असा फोटो वर गेला तर शाळेची काय शोभा? मी सगळ्या काड्या गोळा केल्या, पुन्हा दहा-दहाचे गठ्ठे बांधले, बॅनरखाली मांडले. मुलांना सांगितलं, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. फोटो फार छान आला. अक्षांश-रेखांशासकट. उत्तरादाखल व्हॉट्सअ‍ॅप गटावर अंगठा आला.

माझ्या चुकीवरून धडा घ्या. संख्याज्ञान दिनाला संख्याज्ञान काढू नका. ते वेळकाढू आहे आणि कधी उगवेल याचा नेम नसतो. फोटो आधी घ्या. मुलाला काही समजायच्या बेतात दिसलंच तर जरा दम धर म्हणावं.

वाचनाचा व्हिडिओ काढायचा असेल तर मूल निवडताना भावनेच्या आहारी जाऊ नका. प्रत्येक शाळेत एक ठरलेलं मूल असतं. आमचंही आहे, चौथीत. गेली तीन वर्षं शाळेच्या वतीने तेच वाचतं. पुढच्या वर्षी ते पाचवीला दुसऱ्या गावी जाईल, तेव्हा आमच्या गुणवत्तेचं काय होणार याची बाईंना आत्तापासून काळजी आहे.

बुधवारी क्रीडा. मैदानात पाणी होतं, म्हणून देशी खेळ व्हरांड्यात घेतले. सात ठिकऱ्यांची लगोरी सहा फुटांच्या व्हरांड्यात जमते; चेंडू ऑफिसात जातो, एवढंच. पोत्यांची शर्यत लावणार असाल तर तांदळाची पोती जपून वापरा. रिकाम्या बारदान्याचाही हिशेब असतो, आणि भोक पडलेलं पोतं क्रीडा खाती टाकता येत नाही.

गुरुवारी 25 ला सांस्कृतिक दिन होता. त्या दिवशीचा पाऊस पुण्याच्या लोकांना सांगायला नको. खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीकाठच्या वस्त्यांत माणसं गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर काढावी लागली, शहरातल्या आणि घाटाकडच्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. आमच्या ओढ्यावरचा साकव पाण्याखाली. सुट्टी होती, पण सप्ताहाला नव्हती. संध्याकाळी विचारणा झाली: सांस्कृतिक दिनाचे फोटो? तेव्हा शहाण्याने सातही दिवसांचे फोटो सोमवारीच काढून ठेवावेत. मुलांना घरून दोन-दोन कपडे आणायला सांगा. ज्यांच्याकडे दुसरा चांगला कपडा नाही त्यांना मागच्या ओळीत उभं करा, तिथून फक्त डोकी दिसतात. फोनमधली तारीख पुढे सरकवायचं तंत्र शेजारच्या केंद्रातला कुणीही तरुण गुरुजी शिकवेल. त्यालाच तंत्रज्ञान दिनात धरता येईल.

हो, तो शुक्रवारी होता. लाइट बुधवारपासून नव्हती. लोकवर्गणीतून आलेला आमचा टीव्ही पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये असतो, कारण बरोबर त्याच्या डोक्यावरचं कौल फुटलेलं आहे. पण बंद टीव्हीचा फोटो काळा येतो. बाईंनी चार्टपेपरवर सूर्यमाला काढली आणि पडद्याच्या मापाने कापून वर चिकटवली. पहिलीतल्या एकाने विचारलं, हे कार्टून हलत का नाही? त्याला कौशल्य विकासाच्या फोटोतून वगळलं. कारगिलचे दोन शब्द मेणबत्तीच्या उजेडात झाले आणि खरं सांगायचं तर ते बरे झाले.

शनिवारी झाड आणि जेवण. झाडाचं तुम्हाला कुणीही सांगेल. जेवणाचं मी सांगतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा दंडक आहे. खिचडी वाढायच्या आधी गुरुजींनी चव घेऊन वहीत नोंद करायची असते. पोषण दिनाला या साखळीत एक कडी वाढते: शिजणे, चव घेणे, फोटो, मग वाढणे. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हा क्रम नवा होता. त्यांनी शिजल्याबरोबर वाढलं, आणि मी बॅनर घेऊन येईपर्यंत पोरांनी ताटं चाटून ठेवली होती. भाताचं शीत दिसेना. पुरावा म्हणून रिकाम्या ताटांचा फोटो चालेल का, असं मी विचारलं. चालणार नव्हतं. मग मावशींनी स्वतःसाठी झाकून ठेवलेली खिचडी पाच ताटांत चमचा-चमचा मांडली. त्या ताटांसमोर पोट भरलेली पाच पोरं बसवली आणि आमचं पोषण झालं.

रविवारी समुदायाचा सहभाग. पालक, शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामस्थ, शक्य तर तिथी भोजन, म्हणजे गावातल्या कुणीतरी मुलांना दिलेलं खास जेवण. ज्यांनी हा वार काढला त्यांना रविवारी माणसं मोकळी असतात असं वाटलं असणार. नोकरी करणारी असतात. जुलैच्या शेवटी आमच्या वाडीत कुत्रं सापडत नाही. पाऊस धरला की सगळं गाव भाताच्या लावणीला. सांस्कृतिक दिनाची हुकलेली लावणी ती हीच, असं मी बाईंना म्हटलं. बाई हसल्या नाहीत. त्या लिंक भरत होत्या. शेजारच्या अंगणवाडीत मदत मागायला गेलो तर ताईंपुढे लाडक्या बहिणींच्या अर्जांचा ढीग होता.

शेवटी रजिस्टर पिशवीत घालून मीच खाचरावर गेलो. हे मात्र तुम्हीही करा. समुदाय येत नसेल तर आपण समुदायाच्या चिखलात उतरावं. गुडघाभर गाळात समितीच्या सात सह्या झाल्या, त्यातल्या दोन ओल्या अंगठ्याच्या. मधे बॅनर धरायला दोन माणसं लावणी सोडून बांधावर आली, तेवढा भात अर्धा तास उशिरा लागला.

खालच्या खाचरात त्या मुलीची आई होती. मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“गुरुजी, काय शिकवलंय वो पोरीला? आख्खा खराटा मोडला तिनं. दहा-दहाच्या जुड्या बांधती, सोडती, परत बांधती. म्हातारी वरडतीया, अंगण लोटायचं कशानं?”

मुलगी बांधावर बसून रोपांच्या जुड्या बायकांकडे फेकत होती. मला बघून तोंड लपवलं.

मी विचारलं, बेचाळीसातून सतरा गेले तर?

“पंचवीस,” ती जुडीआडून म्हणाली. मग म्हणाली, “आता तीन आकडी द्या.”

मी म्हटलं, उद्या शाळेत. म्हातारीला नवा खराटा आणून देईन असंही आईला कबूल केलं. तेवढ्यात पाऊस वाढला म्हणून रजिस्टर पोटाशी धरून पळालो.

रात्री अहवाल भरायला बसलो. उपक्रमांची संख्या, सहभागी विद्यार्थी, सहभागी पालक, फोटो, व्हिडिओची लिंक, सगळं भरलं. शेवटून दुसरा रकाना होता: पालकांच्या तक्रारी, असल्यास. खराट्याचं लिहावं का, यावर बराच वेळ अडलो. लिहिलं असतं तर खुलासा मागवला असता. तुम्ही अशा वेळी ‘निरंक’ लिहा. मीही तेच लिहिलं.