हिटलरला लग्नाला बोलावूनही 'ग्रेसफुल' कसे राहावे?

परवा भाचीच्या संगीतासाठी वेडिंग प्लॅनरबाईंनी व्हॉट्सॲपवर 'लुक' पाठवले. थीम म्हणे १९३०चं लंडन. पहिलाच फोटो डायना मिटफर्डचा, म्हणजे एका इंग्रज लॉर्डच्या मुलीचा. अहो, ही कोण होती माहितीये का, असं विचारलं तर उत्तर आलं, "मावशी, पॉलिटिक्स कशाला? ग्रेस बघा ना!"

तर मुलींनो, ग्रेस. हवी असेल तर लिहून घ्या.

बाप लॉर्ड बघून जन्म घ्या. निम्मं काम तिथेच झालं.

नवरा बिअरवाल्यांकडचा चालेल, पण बिअर गिनेसचीच हवी. डायनाने अठराव्या वर्षी, १९२९ मध्ये, हे जमवलं होतं.

घरी करमणूक हवीच. डायनाच्या घरी झालं तसं, अस्तित्वात नसलेल्या चित्रकाराचं प्रदर्शन भरवा, सख्ख्या भावाला खोट्या मिशा लावून चित्रकार म्हणून चाकाच्या खुर्चीत बसवा. सगळं लंडन हसेल. देशात बेकारी असली तरी हसेल.

कंटाळा आला की दुसऱ्या बाईचा नवरा धरा. डायनाने ओस्वाल्ड मोस्ली धरला, ब्रिटनमधल्या फॅसिस्टांचा पुढारी. त्याची बायको लॉर्ड कर्झनची मुलगी. हो, बंगालची फाळणीवाला तोच कर्झन.

आता लग्न. मुहूर्त नीट बघायचा. ऑक्टोबर १९३६. ४ तारखेला मोस्लीचे काळे शर्टवाले पूर्व लंडनच्या ज्यू वस्तीतून मिरवणूक काढायला निघाले, तर केबल स्ट्रीटवर लोकांनी लॉरी आडवी पाडून रस्ता अडवला. बायकांनी खिडक्यांतून पोलिसांच्या डोक्यावर घरातली घाण ओतली. ५ तारखेला जॅरो गावातली दोनशे बेकार माणसं काम मागायला लंडनकडे पायी निघाली. आणि ६ तारखेला आपली नवरी कुठे? बर्लिनला, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या घरी, मोस्लीशी लग्न लावत! पाहुण्यांत हिटलर. आहेर काय, तर चांदीच्या फ्रेममध्ये हिटलरचाच फोटो. (एवढा कोडगेपणा आपल्याकडे घड्याळावर स्वतःचा फोटो छापून वाटणाऱ्या नगरसेवकांतच दिसतो.) ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे होऊन वर्ष उलटलं होतं. डाखाऊची छळछावणी १९३३ पासून चालू होती. बाई त्याच वर्षी न्यूरेंबर्गचा नाझी मेळावा बघून आलेल्या. कळलं नसेल बिचारीला, असं मला कुणी सांगू नका!

तुरुंगात जायची वेळ आलीच, तर चर्चिल नात्यात असू द्या. १९४० मध्ये डायनाला हॉलोवे तुरुंगात टाकलं, पण पुढे तुरुंगाच्या आवारातच नवराबायकोला एकत्र राहायला घर मिळालं. नवऱ्याची तब्येत बिघडली म्हणून नोव्हेंबर १९४३ मध्ये दोघं सुटलीसुद्धा. त्याच चर्चिलच्या राज्यात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा कैदेत आजारी होत्या. त्यांना नाही सोडलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्या तिथेच गेल्या.

बास. नाही जमत मला हे गमतीगमतीत लिहायला. या बाई २००३ पर्यंत जगल्या आणि पश्चात्ताप म्हणून कधी केला नाही. १९८९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर हिटलरचं कौतुक केलं, वर मारलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा त्यांना पटत नव्हता. हे सगळं तिच्या नावाने शोधलं की पहिल्याच पानावर सापडतं. तेवढं वाचायलाही तुम्हाला वेळ नाही, आणि कानातले तिच्यासारखे हवेत म्हणून चार दुकानं पालथी घालायला मात्र आहे? मोती घाला, सॅटिन घाला, हवं ते घाला. पण हिटलरला लग्नाला बोलावणारीचा फोटो 'इन्स्पिरेशन' म्हणून फिरवताना थोडी तरी लाज वाटू द्या.