पोरांना खोल्या द्यायच्या का नाहीत? सदरबझारच्या कट्ट्यावर झालेलं भांडण

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा मेसेज पडला की येत्या जूनपासून गल्लीत कॉलेजच्या पोरांना खोल्या द्यायच्या नाहीत, फक्त फॅमिलीलाच द्यायच्या, आणि रविवारी मीटिंग घेऊन ते पक्कं करायचं. खाली धडाधड अंगठे पडले. संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघणारच होता, निघाला आणि चांगला दीड-दोन तास चालला, मी पण बराच तापलो होतो. जे बोलणं झालं ते जमेल तसं लिहितोय कारण हा प्रश्न काय आमच्या एका गल्लीचा नाही, जिथं जिथं कॉलेजं आहेत तिथं हेच चाललंय.

साताऱ्याबाहेरच्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो. पोवई नाक्यापासून कॅम्प, सदरबझारचा हा पट्टा, रयत शिक्षण संस्थेची मोठी कॉलेजं इथनं चालत जायच्या अंतरावर आहेत. २०२१ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. माण, खटाव, पाटण, जावळी, कोरेगाव सगळीकडनं पोरं इथं येतात. त्यामुळं आमच्याकडं दर दोन घरांआड 'कॉट बेसिसवर रूम मिळेल'चा (म्हणजे अख्खी खोली नाही, खोलीतली एक कॉट भाड्यानं) बोर्ड, कोपऱ्यावर मेस, मेसच्या शेजारी झेरॉक्स, वर अभ्यासिका. पोलीस भरतीवाली पोरं पहाटे अंधारातच पळायला निघतात, त्यांच्या बुटांच्या आवाजानं गल्ली उठते.

तर नानांनी सुरुवात केली. नाना आमच्यात सगळ्यात मोठे, त्यांच्या घराला लागूनच अप्पाची तीन मजली बिल्डिंग आणि वरचे दोन मजले कॉटवर.

"मी काय म्हणतो, पोरं वाईट नाहीत," नाना म्हणाले, "पण रात्री बाराला वाढदिवस. केक कापणार, त्या फेसाच्या बाटल्या मारणार, बुलेटचा फाटफाट आवाज काढणार. माझी आई अंथरुणावर आहे, ती दचकून उठते आणि मग पहाटेपर्यंत तिला झोप नाही. सांगायला गेलं तर सॉरी काका, सॉरी काका. आठ दिवसांनी दुसऱ्याचा वाढदिवस. गेटला आडव्या गाड्या लावतात, उद्या रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ॲम्ब्युलन्स कुठनं आणू?"

यावर कुणी काही बोललं नाही कारण खोटं काहीच नव्हतं. नानांची आई आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आमच्या लहानपणी तिनं किती जणांना खाऊ घातलंय.

पिंट्या (झेरॉक्सचं दुकान) मात्र म्हणाला, "नाना, गणपतीत आपल्याच मंडळाचा साउंड रात्री किती वाजेपर्यंत असतो वो? तवा आजी झोपत्यात व्हय?"

"ते वर्षातनं दहा दिवस."

"पण म्हणून आपण असा ठराव केला का, की मंडळात पोरं असलेल्या फॅमिलीला इथं घर नाही?"

नाना चिडले, पण मला पिंट्याचं पटलं. दहानंतर मोठा आवाज करायचा नाही हा नियम सगळ्यांनाच आहे, भाडेकरू असो नाहीतर सातबारावाला. कुणी ऐकत नसेल तर ११२ ला फोन करा, एकदा पोलीस येऊन गेले की पुढच्या वाढदिवसाचा केक आठ वाजता कापला जातो, शेजारच्या गल्लीत झालंय हे. एकानं केलं म्हणून सगळ्या जमातीलाच बाहेर काढायचं ही कुठली रीत?

मग दाजी बोलायला लागले. दाजी एसटीत कंडक्टर होते, ह्या पोरांना त्यांनी जन्मभर पास बघून गाडीत घेतलंय. मला वाटलं ते पोरांच्या बाजूनं बोलतील, पण ते म्हणाले, "खोली पाहिजेच कशाला? एसटीनं रोज ये-जा करायची की. पोरींना तर २०२३ पासनं अर्धं तिकीट आहे."

"दाजी, म्हसवडवरनं?"

"म्हसवड जरा लांब पडतंय."

"जरा? यायलाच दोन-अडीच तास. सकाळचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, ते सुटायला पाच. मग स्टँडवर गाडीची वाट, घरी पोचायला नऊ. अभ्यास कधी करायचा? पावसाळ्यात बामणोली, तापोळ्याच्या बाजूच्या पोरांनी काय करायचं?" हे मी बोललो आणि जरा मोठ्यानंच बोललो. २०२४ पासनं कितीतरी पोरींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली, चांगलंच झालं, पण फी माफ झाली तरी खोलीचं भाडं आणि मेस काही माफ होत नाही. घरात खरं भांडण त्याच्यावरच होतं आणि खोलीच मिळाली नाही तर पहिली घरी बसवतात ती पोरगी. भाऊ येतो कुठंतरी मित्राच्या कॉटवर झोपून, तिला तसं कोण ठेवून घेणार?

दाजींनी मान हलवली. "ते खरं हाय. शेवटच्या गाडीला उभ्यानं जाणाऱ्या पोरी मी बघितल्यात, वही हातात आणि डोळे मिटलेले."

इतका वेळ अप्पा गप्प होता. खरं तर सगळी बिल्डिंग त्याची, त्यानंच बोलायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "माझ्या पोटावर पाय आणू नका एवढंच म्हणतो. बँकेचा हप्ता त्या कॉटवरनं जातोय. आणि मेसवाल्या काकू, त्यांनी काय करायचं?"

काकूंचं सांगायलाच पाहिजे. नवरा गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत मेस टाकली. पहाटे कणीक तिंबायला सुरुवात, डब्यात तीन चपात्या, भाजी, आमटी, भात, बाजरीची भाकरी पाहिजे असली तर आदल्या दिवशी सांगायचं. भिंतीला एक लांब वही टांगलेली असते, त्यात प्रत्येक पोराच्या नावापुढं रोजची टिक आणि गावाला गेला असला तर खाडा. खाडा आधी सांगितला की त्या दिवसाचे पैसे धरत नाहीत. परीक्षेच्या वेळी कोण जेवायला आलं नाही तर काकू त्याच्या खोलीवर निरोप पाठवतात, आजारी आहे का म्हणून, आणि मग भाताची पेज जाते, त्याचे पैसे वहीत कुठंच लिहिलेले नसतात. काकूंची दोन्ही पोरं ह्याच मेसवर शिकली. पोरांना गल्लीतनं काढलं की ती वही बंद, एवढं साधं आहे.

"भावनेवर नका जाऊ," नाना म्हणाले, "पाण्याचं काय? कास तलावाचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं, अप्पाच्या मोटरीनं सगळं वर ओढलं की माझ्या नळाला करंगळीएवढी धार."

मला जे म्हणायचं होतं ते इथंच सापडलं. मी अप्पाला विचारलं, वर किती पोरं ठेवलीस? तो घुटमळला. एका खोलीत दोन कॉट बसतात तिथं त्यानं चार टाकल्यात. संडास-बाथरूम मजल्याला एकच, टाकी घर बांधताना फॅमिलीसाठी बसवली होती तीच. पार्किंग नाहीच, खालचा गाळा भाड्यानं दिलाय. खोलीत एक प्लग, त्यावर चौघांचे चार्जर आणि कपड्याची इस्त्री, सबमीटरचा रेट अप्पा सांगेल तो. आता पोरांनी गाडी लावायची कुठं, तर रस्त्यावर, म्हणजे नानांच्या गेटला. कचरा टाकायचा कुठं, घंटागाडी येते तेव्हा पोरं कॉलेजात, अप्पानं जिन्याखाली साधी एक बादली ठेवलेली नाही, मग पिशवी लटकते विजेच्या खांबाला आणि कुत्री ती फाडतात. नाना ज्याला पोरांचा त्रास म्हणत होते त्यातला निम्म्याहून जास्त अप्पानं दोनाच्या जागी चार कोंबल्याचा त्रास आहे. नियम करायचा तर तो मालकावर करा की. एका खोलीत दोनच कॉट, टाकी मोठी, गाडीला जागा असेल तरच गाडीवाला पोरगा घ्यायचा, ओला-सुका कचऱ्याचे डबे खाली ठेवायचे.

अप्पा माझ्यावर उखडला. "तुझ्या बापाचं काय जातंय बोलायला? दोन कॉटवर हप्ता निघतोय व्हय?"

"नाही निघत तर मग पोरांच्या नावानं शिव्या कशाला खायला लावतोस? पैसे तुझ्या खिशात आणि बदनामी त्यांची."

जरा जास्तच झालं असेल, पण मला ते बोलायचंच होतं.

मास्तरांनी मग दुसराच मुद्दा काढला. अप्पा करार करतोस का? अप्पा म्हणाला, पोरांशी कसला करार, डिपॉझिट घेतो आणि चावी देतो. मास्तरांना हे कायद्याचं चांगलं ठाऊक असतं. ते म्हणाले १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी पाहिजे आणि तो रजिस्टर झालेला पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अजून एक, कागदच नसला आणि उद्या वाद झाला तर काय ठरलं होतं याबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाला ते खोटं पाडून दाखवावं लागतं. अप्पाला हे नवीन होतं. तो म्हणाला, म्हणजे माझीच मान अडकलीय की. तर हो. आणि पोरांची पण अडकलेली असतेच, कारण वर्ष संपलं की रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट गायब आणि हातात पावती नाही, बापानं कुठनं कुठनं गोळा केलेले ते पैसे असतात. करारात वेळ, गाडी, पाहुणे, आवाज सगळं लिहिता येतं, नानांना पाहिजे ते सगळं त्यात बसतं.

आता निवळलं असं वाटत होतं, पण पिंट्यानं मध्येच सांगितलं की मागच्या जूनमध्ये त्याच्या काउंटरपुढं एक बाप-लेक उभे होते, पोरीला सायन्सला ॲडमिशन मिळालेली, बापाच्या हातात गावाकडनं आणलेली पिशवी. पिंट्यानंच आपल्या गल्लीतल्या बोर्डांवरचे नंबर लावून दिले. प्रत्येक ठिकाणी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणे व्हेज का नॉनव्हेज, मग कळवतो. कुणी कळवलं नाही. खोल्या तर रिकाम्या होत्या, पिंट्याला माहीत होतं कारण बोर्डांचे प्रिंट त्यानंच काढलेले. पोरीला कळलं होतं काय चाललंय, ती बापाला म्हणत होती चला आबा, आपण दुसरीकडं बघू.

"त्यातला एक नंबर तुझा होता, अप्पा," पिंट्या म्हणाला.

अप्पा खाली बघत राहिला. नानाच म्हणाले, "अहो, सगळेच विचारतात."

सगळेच विचारतात आणि हेच मला सहन होत नाही. हे सातारा आहे. कर्मवीरअण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळच्या काल्याला रयत काढली, १९२४ ला इथं साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका छपराखाली राहिली, एका पंगतीला जेवली. १९२७ ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा अण्णांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि त्याच्याही आधी, ७ नोव्हेंबर १९०० ला, याच गावात भीमराव नावाच्या मुलानं हायस्कूलात नाव घातलं, आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलाला वर्गात बसायला वेगळं गोणपाट होतं. त्याच अण्णांचं नाव लावलेल्या विद्यापीठाशेजारच्या गल्लीत आपण फोनवर आडनाव विचारून पोरगी परत पाठवतो, आणि ते सोडून मीटिंग कशावर घेतो, तर बुलेटच्या आवाजावर! मी हे कट्ट्यावर जसंच्या तसं बोललो, आवाज चढला होता, गाड्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

मास्तर एवढंच म्हणाले, "ठरावात हे पण घाला. खोली देताना आडनाव विचारायचं नाही. करारावर नाव येतंच, ते खोली द्यायची ठरल्यावर."

"आणि खाण्याचं?" दाजींनी विचारलं.

"स्वतंत्र खोली आहे, चूल वेगळी आहे. तुम्हाला काय करायचंय तो काय खातोय?"

नाना शेवटपर्यंत पूर्ण पटले नाहीत. ते म्हणाले आईच्या झोपेची हमी कोण देतो ते आधी सांगा, आणि माझ्याकडं त्याला सरळ उत्तर नव्हतं, मी म्हणालो दहानंतर आवाज आला तर मला फोन करा, मी येतो, तुमच्याबरोबर वर चढतो. अप्पा दोन कॉटला तयार नाही, तीन म्हणतोय. मी म्हटलं तिसऱ्या कॉटसाठी आधी दुसरं बाथरूम बांध. तो गाडीला किक मारून गेला, जाताना मास्तरांना विचारून गेला की करार रजिस्टर करायला कुठं जावं लागतं.

रविवारच्या मीटिंगला मी बंदीच्या विरोधात हात वर करणार आहे, पिंट्या आणि मास्तर पण. ज्यांच्या घरात कॉट आहेत त्या प्रत्येकानं यायलाच पाहिजे, आणि मेसवाल्या काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांना निरोप मी दिलाय.