रविवारची लीग रविवारीच राहू द्या

नवऱ्याच्या क्रिकेट क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय घोळतोय. कांगा लीगच्या मॅचेस रविवारी नकोत, आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी घ्या, असं पत्र मुंबई क्रिकेट असोसिएशनला द्यायचं का? पत्राच्या बाजूने दोन गट आहेत. एक तरुण मुलांचा. मधल्या वारी मैदानावर गर्दी कमी असते, अंपायर सहज मिळतात, खेळ जास्त गंभीरपणे होईल, असं त्यांना वाटतं. दुसरा गट चाळिशीच्या आसपासच्यांचा, आणि त्यांचं कारण आम्ही आहोत. ‘रविवार गेला की घरी कटकट होते’, ‘बायकांचाही विचार करायला हवा’, असे मेसेज आहेत. आमचं नाव पुढे करून जे मागितलं जातंय ते मला अजिबात नको आहे. म्हणून हे लिहिते.

मी क्रिकेटच्याच घरात वाढले. बाबा बँकेत होते आणि कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला विकेटकीपिंग करायचे. नवरा आज तीच लीग खेळतो, मिडीयम पेस टाकतो, तोही खालच्याच डिव्हिजनला. त्यामुळे पावसाळ्यातला रविवार मैदानात गेलेलं घर मी मुलगी म्हणून पाहिलंय आणि आता बायको म्हणून चालवतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पारशी क्रिकेटपटू डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची ही लीग १९४८ मध्ये सुरू झाली. ती मुद्दाम पावसाळ्यात खेळतात. पिच झाकायचं नाही, आउटफिल्डचं गवत घोट्यापर्यंत वाढलेलं, चेंडू कधी खाली राहतो, कधी अचानक अंगावर उसळतो. जमिनीवरून मारलेला कव्हर ड्राइव्ह गवतात अडकतो, म्हणून चार धावा हव्या असतील तर हवेतून मारण्याची हिंमत लागते. अशा विकेटवर तीस धावा काढणाऱ्याचं नाव तंबूत वर्षभर निघतं. मॅच एका दिवसात संपते. ए पासून जी पर्यंत डिव्हिजन आहेत, ए सगळ्यात वरची. मुंबईच्या बॅटिंगला जो टणकपणा आहे म्हणतात, त्यातला मोठा वाटा या ओल्या मातीचा आहे, असं बाबा म्हणायचे आणि मलाही ते पटतं. गावसकर, वेंगसरकर दादर युनियनकडून खेळले, वाडेकर शिवाजी पार्क जिमखान्याकडून. पण या लीगचं मोठेपण मला त्या नावांत दिसत नाही. जी डिव्हिजनमधला पोस्टातला कारकून आणि ए डिव्हिजनमधला रणजीपटू एकाच आझाद मैदानावर, एकमेकांच्या हद्दीत फिल्डिंग करत, एकाच रविवारी उभे असतात. एका मॅचचा थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या मिडऑफशेजारी. हे दृश्य रविवारमुळे शक्य होतं.

कारण रविवार हा नोकरदाराचा दिवस आहे, आणि तो त्याला कुणी आपणहून दिलेला नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या, त्यातली पहिली आठवड्यातून एक सुट्टी, रविवारची. दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशाही मागण्या होत्या. तोवर माणसं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभी असत. मालकांनी दाद दिली नाही. लोखंडे ‘दीनबंधु’ या वृत्तपत्रातून लिहीत राहिले, सभा घेत राहिले. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होतं असं सांगतात. मला त्याहून दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आठवड्यातला एक दिवस असा हवा की त्या दिवशी तुमच्या अंगावर मालकाचा हक्क नाही. त्या दिवशी देवाला जा, समाजाचं काम करा, झोपा, नाहीतर पॅड बांधा.

आता तरुण मुलांना उत्तर. मधल्या वारी खेळायला कोण येणार? ‘पूर्वीचे लोक नाही का ऑफिसला असूनही खेळायचे,’ असं एकाने लिहिलंय. खेळायचे. पण ते कसे, हेही बघायला हवं. तेव्हा ऑफिसं क्रिकेटपटूंना नोकरी देत होती. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये. टाटा, एसीसी, मफतलाल, रेल्वे, सगळ्यांच्या टीम्स. ऑफिसांच्या टीम्सच्या टाइम्स शील्ड स्पर्धेच्या मॅचेस कामाच्या दिवशी असायच्या आणि साहेब स्वतः स्कोअर विचारायचे. बाबांना दुपारी दोनला प्रॅक्टिसला सोडणारा मॅनेजर होता. तो अत्यंत कडक माणूस होता, पण बँकेच्या टीमची हार त्याला सहन व्हायची नाही. ते जग आता राहिलेलं नाही. गिरण्या गेल्या, कंपन्यांनी क्रीडा कोट्यातली भरती आटवली. माझा नवरा लॉजिस्टिक्स कंपनीत आहे. बुधवारी मॅच आहे म्हणून त्याने रजा मागितली तर एकदा मिळेल. दुसऱ्यांदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. त्याच्या टीममधला एक जण कुरिअरच्या गोडाउनमध्ये आहे, एक रिक्षा चालवतो, एक शाळेत शिकवतो. ही माणसं बुधवारी येऊ शकत नाहीत. मग टीममध्ये उरतील कॉलेजची मुलं, ॲकॅडमीत पूर्ण वेळ असणारी मुलं, आणि ज्यांच्या घरी पैशाची चिंता नाही असे. ती लीग चांगलीही होईल कदाचित. पण क्लबचं क्रिकेट म्हणून आपण जे ओळखतो ते तिथे संपेल.

आणि त्यात तरुणांचंच नुकसान आहे. सतरा वर्षांच्या मुलाला चिखलात कसं खेळायचं हे कुठल्याही ॲकॅडमीत शिकवत नाहीत. ते शिकवतो पलीकडच्या टोकाला उभा असलेला बेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याने ते वीस पावसाळे केलंय. ओव्हर संपल्यावर मधे येऊन तो सांगतो, ‘पुढच्या पायाची घाई करू नकोस, हा बॉल थांबून येतोय.’ त्या माणसाला बुधवारी सुट्टी नसते.

शनिवारचं म्हणाल तर बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, काही ऑफिसांना सगळे, दुकानात आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना एकही नाही. ज्याला पाच दिवसांचा आठवडा मिळाला त्याचाच खेळ होईल.

इंग्लंडमध्ये हा वाद फार जुना, पण तिथे तो देवळाचा होता. क्लबांच्या लीग शनिवारी भरत, रविवार प्रार्थनेचा. जॅक हॉब्जसारखा खेळाडू परदेश दौऱ्यावरही रविवारी खेळत नसे. तिथल्या परगण्यांच्या संघांच्या काउंटी चॅम्पियनशिपला रविवारी खेळ सुरू झाला तो १९६६ मध्ये, रविवारची जॉन प्लेयर लीग १९६९ मध्ये आली, आणि तिथल्या कसोटीत रविवारी पहिल्यांदा खेळ झाला तो थेट १९८१ मध्ये. आपल्याकडे तसा धार्मिक अडसर बहुतेकांना नव्हता. ज्यांना आहे त्यांचा मात्र विचार व्हायला हवा. वसईच्या ख्रिस्ती गावांतून उत्तम खेळाडू येतात. आमच्या टीमचा एक ओपनर तिकडचा आहे. तो शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जातो आणि रविवारी पहिली लोकल पकडतो. त्याला ते जमतं, पण सणाच्या दिवशी त्याने कुणापुढे हात जोडायला लागू नयेत, हे बाकीच्यांनी स्वतःहून पाहावं. तसं गणपतीत आपण मॅच ठेवत नाही, मग हेही जमायला हवं.

आता घरचं. चाळिशीच्या गटाला मी सरळ सांगते. घरी कटकट होते ती रविवारी मॅच असते म्हणून नाही. मॅच आहे हे शनिवारी रात्री साडेनऊला कळतं म्हणून होते. फिक्स्चर महिना आधी छापलेलं असतं, ते फ्रिजवर लावायचं सोडून खिशात राहतं. मॅच संपल्यावर मैदानावर गप्पांत आणखी दोन तास जातात. चिखलाने काळवंडलेले पांढरे कपडे बादलीत भिजत पडतात आणि सोमवारी सकाळी ते घासणारे हात खेळणाऱ्याचे नसतात. माझ्या आईने बाबांचे पांढरे कपडे तीस वर्षं घासले. बाबांवर माझा फार जीव होता, पण हे मला लहानपणीही खटकायचं. आमच्या घरी नियम साधा आहे: ज्याने घाण केली त्याने धुवायचे, शूजचे स्पाइक्सही रविवारीच साफ करायचे, आणि लीग नसलेल्या महिन्यांतले दोन रविवार माझे. त्या दिवशी सकाळपासून मी घराबाहेर असते आणि मुलगी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, सगळं त्याच्याकडे. हे ठरल्यापासून आमच्याकडे रविवारवरून वाद झालेला नाही. उलट बुधवारी मॅच गेली तर माझी परवड जास्त होईल. मुलीची शाळा, माझं ऑफिस आणि त्याची रजा, तिन्ही एकाच दिवशी कसे बसवू?

शिवाय एक गोष्ट बायका म्हणून आपण मोठ्याने बोलत नाही. आठवडाभर टार्गेट आणि लोकलच्या गर्दीत पिचलेला माणूस रविवारी संध्याकाळी चिखलाने माखून घरी येतो तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असतो. बाबांचा असायचा. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी त्यांनी ग्लोव्ह्ज ठेवून दिले आणि मग त्यांच्याकडे तो चेहरा परत कधी दिसला नाही. मला तो चेहरा घरात हवा आहे.

रविवारच्या लीगच्या खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यावर ग्रुपवर कुणीच बोलत नाही. एक म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवतात तो. मध्य रेल्वेवर रविवारी सकाळी उशिरा सुरू होतो तो दुपारपर्यंत चालतो. डोंबिवली-कल्याणचे खेळाडू किट घेऊन ब्लॉकच्या आधी निघतात, ते ठीक. पण रात्रभर पाऊस झालेला असतो, मैदानावर पोचल्यावर तळं दिसतं, अंपायर दोनदा पाहणी करतात आणि अकरानंतर मॅच रद्द होते. मग ऐन ब्लॉकमध्ये, खचाखच भरलेल्या गाडीत, किटबॅग डोक्यावर घेऊन परत. रविवारही गेला आणि खेळही नाही. घरच्यांचा राग इथे खरा आहे. मैदान खेळण्यासारखं नाही हे माळ्याला पहाटे सहालाच कळलेलं असतं. त्याचा फोटो सातच्या आत दोन्ही कॅप्टनना गेला पाहिजे आणि स्पष्ट पाणी साचलेलं असेल तर मॅच तेव्हाच रद्द करण्याची मुभा हवी. असोसिएशनला पत्र लिहायचंच असेल तर हे लिहा.

माळ्यांवरून आठवलं. रविवारच्या खेळात ज्यांचा रविवार कायमचा जातो ते हेच लोक. कसोटीपटू एकनाथ सोलकरचे वडील हिंदू जिमखान्यावर माळी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आजच्या माळ्याला सोमवारी भरपगारी सुट्टी मिळते का, हे किती क्लब बघतात? काही बघतात. आमच्या क्लबने बघायला सुरुवात केली ती मागच्या सीझनपासून, आणि तो सोमवार पगारासकट लिहून द्यायला हवा. स्कोअरर आणि अंपायर यांचं जेवण आणि जाण्यायेण्याचे पैसे मॅचच्या दिवशीच हातात पडायला हवेत. लोखंड्यांनी मागितलेली सुट्टी त्यांचीही होती.

आणि मैदानावर फक्त आपणच नसतो. रविवारी टेनिस बॉल घेऊन आलेली पोरं, फुटबॉलवाले, नातवाला घेऊन आलेले आजोबा, सगळ्यांना तेवढ्याच हिरवळीत जागा हवी असते. लीगची पिचेस ठरलेली आहेत, त्याबाहेर क्लबने दोऱ्या लावून अडवणूक करू नये. मुंबईत मैदानं आहेत किती? ती वाढवण्याची मागणी सगळ्यांनी मिळून केली पाहिजे, वार वाटून घेण्याने ती वाढणार नाहीत.

क्लबची सभा येत्या शनिवारी संध्याकाळी आहे. मी सभासद नाही, तेव्हा मत देता येणार नाही. पण हे सगळं नवऱ्याने तिथे वाचून दाखवायचं असं आमचं ठरलंय. ग्रुपवरच्या ज्या घरांत खरंच कटकट होते तिथल्या बायकांनी इथे खाली लिहा. कशावरून होते तेही लिहा. आणि मुलींच्या लीगविषयी ज्यांना माहिती असेल त्यांनी मला जरूर मेसेज करा. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, ऑफ स्पिन टाकते, आणि तिच्या शाळेलाही सुट्टी रविवारीच असते.