सिनॉनिम हा द्राविडी प्राणायाम?

नमस्कार,

दुसऱ्या डेटाबेसमधल्या टेबलासाठी सिनॉनिम (त्या टेबलाला आपल्या डेटाबेसमध्ये दिलेलं टोपणनाव) वापरा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. दुसऱ्या डेटाबेसमधलं टेबल हवं तर प्रोसिजरमध्ये (डेटाबेसात साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) सरळ तीन भागांचं नाव (डेटाबेस.स्कीमा.टेबल) लिहावं, सिनॉनिम म्हणजे द्राविडी प्राणायाम. आणि परमिशनबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. दुसरा शंभर टक्के मान्य, म्हणून आधी तोच.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजर आणि टेबल यांचा मालक एकच असला, की प्रोसिजर चालवण्याची परवानगी पुरते, टेबलावर वेगळी लागत नाही. ही सोय इतकी अंगवळणी पडते, की डेटाबेसची वेस ओलांडली की ती संपते हे लक्षातच राहत नाही. एसक्यूएल सर्व्हर २००० च्या सर्व्हिस पॅक ३ पासून क्रॉस-डेटाबेस चेनिंग (परवानगीची ही साखळी दुसऱ्या डेटाबेसपर्यंत नेणं) मुळात बंदच असतं. तिकडे युजर नसेल तर ९१६ ची एरर, युजर बनवला तर टेबलावर परवानगी नाही म्हणून २२९. मग वैतागून लोक एक्झिक्यूट अ‍ॅज (प्रोसिजर दुसऱ्या युजरच्या नावाने चालवणं) लावतात आणि ट्रस्टवर्दी (या डेटाबेसवर सर्व्हरने विश्वास ठेवावा अशी सेटिंग) चालू करतात. त्या डेटाबेसचा मालक एसए (सर्व्हरचं सर्वाधिकारी लॉगिन) असेल (बहुतेकदा असतोच), तर तिथल्या डीबी-ओनरला (त्या डेटाबेसपुरते सगळे अधिकार असलेल्याला) अख्खा सर्व्हर आंदण दिला म्हणायचा! प्रोसिजरवर सर्टिफिकेटची सही घेणं, म्हणजे परवानगी त्या सहीमार्फत मिळवणं बरं. फक्त प्रोसिजर अल्टर केली की ती सही उडते, हे मी दोनदा विसरलोय.

सिनॉनिमवर मात्र मागे हटणार नाही. एका जुन्या नोकरीत प्रॉडक्शनच्याच (खऱ्या कामाच्या) सर्व्हरवर बॅकअप रिस्टोअर करून 'सेल्स_टेस्ट' उभा केला होता. आत ठिकठिकाणी 'लेजर.डीबीओ.व्हाउचर' असं थेट लिहिलेलं. टेस्टिंगवाल्यांनी मनसोक्त बिलं फाडली आणि व्हाउचर पडली खऱ्या लेजरमध्ये. एरर? एकही नाही. नाव बरोबर होतं ना! सिनॉनिमही रिस्टोअरबरोबर जुनाच पत्ता घेऊन येतं, हे कबूल. पण पत्ते कुठे कुठे आहेत हे 'सिस.सिनॉनिम्स' ही सर्व्हरची यादी एका क्वेरीत सांगतं, आणि ड्रॉप-क्रिएटची एक स्क्रिप्ट चालवली की प्रोसिजरला हातही लावावा लागत नाही.

डेटाबेसचं नाव पॅरामीटरने घेऊन डायनॅमिक क्वेरी (चालतानाच मजकूर जोडून बनवलेली) करायची तुमची सूचना मला पटत नाही. तिथे परमिशनची साखळी स्वतःच्या डेटाबेसमध्येही तुटते. करायचीच असेल तर निदान क्वोटनेम (नाव चौकटी कंसात सुरक्षित बसवणारं फंक्शन) विसरू नका.

आणि अझ्युर एसक्यूएल डेटाबेसवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेवर) जाणार असाल तर आपला हा वादच निकाली निघतो. तिथे शेजारच्या डेटाबेसचं तीन भागांचं नाव चालतच नाही.

परमिशनचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो.