लाइट आली, घड्याळ गेलं

मिनिटभर लाइट गेली काय, मायक्रोवेव्हवर १२:०० ची लुकलुक सुरू! आणि नागपुरात मे महिन्यात लाइट जाणं म्हणजे काही नवल नाही ना भाऊ. पारा ४५ च्या वर, घरोघरी कूलर-एसी, दुपारी फ्यूज उडाला की अख्खी गल्ली गॅलरीत. लाइट येते, अन् मी पुन्हा बटणं दाबत उभा. काही ओव्हन तर घड्याळ लावल्याशिवाय तापतही नाहीत. म्हणजे आधी सेवा करा, मग जेवा!

काहून पण? हजारो रुपये घेता, पनीर टिक्क्याचं वेगळं बटण देता, अन् लाइट गेल्यावर घड्याळ चालू ठेवायला एक बटण सेल टाकताना हात आखडतो?

लागतं काय त्याला? सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा तुकडा, ते ठोके मोजणारी चिप आणि ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल. तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. चिप करंट इतका कमी खाते की सेल वर्षानुवर्षं पुरतो. कॉम्प्युटरमध्ये ही सोय १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून आहे! बंद मोबाइलचं घड्याळही आतल्या बॅटरीवर चालूच असतं. आमच्या बर्डीच्या बाजारात फुटपाथवरचं स्वस्तातलं घड्याळ वेळ धरून ठेवतं, अन् ह्या धुडाला जमत नाही.

जिथे सेल देतात तिथली वेगळीच तऱ्हा. मामाचा जुना डेस्कटॉप रोज सकाळी २०१२ मध्ये उठायचा. बँकेची साइट उघडेना, ब्राउझर म्हणे असुरक्षित. असणारच, त्याच्या लेखी त्या साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे खरेपणाचा तारीखवार दाखला, अजून निघायचंच होतं! दुरुस्तीवाल्याने थेट मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. काढून पाहिलं तर सेल मेलेला. तीस-चाळीस रुपयांचं काम, अन् हा माणूस हजारोंचं बिल फाडायला निघाला होता. सेल संपत आला, एवढं कॉम्प्युटरलाच सांगता येत नाही का?

आमचं ऊनही ह्या क्वार्ट्झला मानवत नाही, हे मान्य. २५ अंशांना ते नीट चालतं, ४५ ला दिवसाला साधारण एक सेकंद मागे पडतं. पडू द्या. तेवढ्यासाठी कोणी भांडायला येणार नाही.

शेजारचे काका म्हणतात, मोठा इन्व्हर्टर घे. वा! कंपनीचे चाळीस रुपये वाचावे म्हणून मी हजारो घालू?