कलेक्टरने जागतिक व्यापार शिकायचाच नाही का?

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: सरकारी अधिकाऱ्यांना आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्रशिक्षण म्हणजे आपल्या पैशावर परदेशवारी, करार दिल्लीत होतात, धंदा व्यापाऱ्यांना कळतो, आणि शिकलेला साहेब लगेच बदलून जातो. यातला बदलीचा मुद्दा खरा आहे. बाकीचे मला अजिबात पटत नाहीत, कारण ते मान्य केले तर नुकसान माळव्याचंच आहे.

‘करार दिल्लीत होतात.’ होतात, पण शेती हा राज्याचा विषय आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) शेती करारात विकसनशील देशांसाठी एकेका पिकाच्या भाव-आधाराला उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे आणि त्यात राज्य सरकारांनी दिलेली मदतही धरायची, असं स्पष्ट लिहिलंय. उसाच्या वादात हेच दिसलं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला भारताविरुद्ध गेले तेव्हा केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावाबरोबर (एफआरपी) राज्यांनी ठरवलेले उसाचे भावही तपासले गेले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात लागला. आपण अपील केलं, पण ते ऐकणारं मंडळच २०१९ पासून बंद पडलंय.

आता आपलं सोयाबीन घ्या. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली: मंडीतला भाव हमीभावाच्या खाली गेला की फरकाची रक्कम शेतकऱ्याला. योजना भोपाळमध्ये आखली जाते, पण असा आधार जिनीव्हात, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मुख्यालयात, भारताच्या खात्यावर मोजला जातो. मला ही योजना टिकायला हवी आहे. म्हणूनच ती आखणाऱ्याला ही १० टक्क्यांची रेघ माहीत असली पाहिजे.

२०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि मंडीत लिलावाची बोली त्याच्या खाली. ट्रॉलीजवळ उभा असलेला शेतकरी विचारतो, भाव का पडला? ओलावा, आवक ही कारणं सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण आयात तेलावरचं शुल्कही त्यात असतं: ते कमी असलं की बाहेरचं तेल स्वस्त येतं आणि आपल्या सोयाबीनचा भाव दबतो. कच्च्या सोयातेलावरचं मूळ सीमाशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झालं आणि मे २०२५ मध्ये १० वर आलं. शेतकऱ्यांचं निवेदन कलेक्टरच्याच हातात पडतं ना? मग त्याला हे कळायला नको?

‘धंदा व्यापाऱ्यांना कळतो.’ गिऱ्हाईक आणि भाव कळतो, यात वाद नाही. पण जिनीव्हात दावा कंपनीला लावता येत नाही, फक्त सरकारला लावता येतो. माल कीडमुक्त असल्याचा दाखलाही सरकारी अधिकारीच देतो. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला तो फळमाशीमुळे. ऐन हंगामात हापूसवाल्यांचं युरोपचं गिऱ्हाईक गेलं. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली ती तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर. ही तपासणी करणारी माणसं शिकवूनच तयार होतात.

परदेशवारीबद्दल फार लिहायची गरज नाही. दिल्लीत आयआयएफटी या परदेश व्यापार शिकवणाऱ्या संस्थेत डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र १९९९ पासून आहे आणि डब्ल्यूटीओचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. उलट आयटेक या भारत सरकारच्या प्रशिक्षण योजनेत १९६४ पासून आपणच इतर देशांचे अधिकारी शिकवतोय. सहल काढणारा अधिकारी सापडला तर त्याला जरूर जाब विचारा, मी तुमच्याबरोबर आहे.

राहिली बदली. जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीचा अध्यक्ष कलेक्टर असतो. तो गेला की फाईल पुन्हा पहिल्या पानावर. म्हणून प्रशिक्षण एकट्या कलेक्टरला नको. मंडी सचिव, कृषी उपसंचालक, जिल्हा उद्योग केंद्राचा व्यवस्थापक या सगळ्यांना एकत्र बसवा, इथेच इंदुरात, पीथमपूरच्या निर्यातदारांना समोर घेऊन. आणि शिकलेल्यांपैकी निदान एकाला तीन वर्षं त्याच टेबलावर ठेवा. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ही मागणी पाठवा.