बर्फाचं जहाज आलं, ट्यूडर आला नव्हता

उन्हाळा लागला की एक गोष्ट मोबाइलवर हमखास फिरते. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर 1833 साली स्वतः जहाजभर बर्फ घेऊन कोलकात्याला आला, भारतीयांनी तेव्हा पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि त्या एका खेपेत तो गडगंज झाला. माणूस जिद्दी होता, यात शंका नाही. पण या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यापायी ज्यांनी खरं काम केलं त्यांची नावं पुसली जातात.

ट्यूडर बर्फाबरोबर परदेशी गेला होता, पण तो 1806 साली, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर. वय बावीस. तिथे बर्फ साठवायला कोठारच नव्हतं. माल डोळ्यांदेखत वितळला आणि हजारो डॉलर बुडाले. कोलकात्याच्या वेळी तो बोस्टनलाच होता. 12 मे 1833 रोजी 'टस्कनी' जहाज 180 टन बर्फ घेऊन निघालं, त्यावर मालासोबत होता विल्यम रॉजर्स. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून, आणि तरी शंभरेक टन बर्फ शाबूत पोचला!

तो पोचला कसा, हे तर त्या गोष्टीत कधीच नसतं. नॅथॅनियल वायेथ नावाच्या माणसाने घोड्याने ओढायचा, दाते असलेला नांगर बनवला होता. गोठलेल्या तळ्यावर त्याने आधी आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या, मग एकसारख्या लाद्या सुट्या करायच्या. लाद्या सारख्या असल्या की जहाजात एकीला एक चिकटून बसतात, मधे हवा खेळत नाही आणि वितळणं कमी होतं. भोवती लाकडाचा भुसा ठासायचा. लाकूड गिरण्यांना तो नकोच असायचा. जिद्दीइतकाच हा भुसा महत्त्वाचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 'पहिला बर्फ'. अकबराच्या काळी लाहोरला डोंगरातून बर्फ यायचा, 'ऐन-ए-अकबरी'त तशी नोंद आहे. खुद्द बंगालमध्ये हुगळीला थंडीच्या रात्री उथळ खड्ड्यांत पेंढा अंथरून त्यावर मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवत. पहाटे वर पातळ पापुद्रा धरायचा, तो खरवडून साठवायचा. गढूळ असायचा, पण बर्फच तो. अमेरिकेचा माल काचेसारखा स्वच्छ होता, म्हणून त्याने हुगळीच्या बर्फाला मागे टाकलं.

एका खेपेत श्रीमंत? त्याआधी ट्यूडरने कर्जापायी तुरुंग पाहिला होता. आणि त्याच सुमारास कॉफीच्या सट्ट्यात त्याचे दोन लाखांहून जास्त डॉलर बुडाले. ते देणं फेडता फेडता पंधराएक वर्षं गेली.

मुंबईतही बर्फ लगेच आला. 1834 साली जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं. यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली होती.

आणि कोलकात्यात? गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंकने खूश होऊन सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेला भेट दिला. त्यावर नाव कोरलं होतं बोस्टनच्या रॉजर्सचं.